मदत हवी आहे: 26/11 ला जखमी झालेल्या मामांना राणाच्या खटल्यात परत साक्ष द्यावी लागेल काय?

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात एलएलबी करते, शेवटचं वर्ष. प्रश्न घरचा आहे, पण फौजदारी कोर्टात काम केलेली माणसंच नीट सांगू शकतील म्हणून इथं मांडतेय.

माझे थोरले मामा 26 नोव्हेंबर 2008 ला गावी यायला निघाले होते. सीएसटीवर बाहेरगावच्या गाड्यांच्या हॉलमध्ये बसले होते. कसाब आणि त्याच्या साथीदारानं तिथं गोळीबार केला, स्टेशनात 58 माणसं गेली. मामांच्या मांडीतून गोळी आरपार गेली. शेजारी बसलेले गृहस्थ, ज्यांच्याशी पाच मिनिटांपूर्वी पावसापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या, ते जागीच गेले. 2009 मध्ये आर्थर रोड जेलमधल्या विशेष कोर्टात मामांनी साक्ष दिली, कसाबला ओळखलं. तिथून आल्यावर दोन महिने त्यांना झोप नव्हती, असं मामी सांगते. आता मामा 74 वर्षांचे आहेत, काठी लागते.

10 एप्रिल 2025 ला 26/11 च्या कटातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून दिल्लीत आणलं, त्या रात्री मामा उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसून होते. तेव्हापासून मी गावी गेले की विचारतात, "पोरी, मला परत बोलावतील काय?" बोलावलं तर जायचंच, हे त्यांचं ठरलेलं आहे. भीती आहे ती दिल्लीच्या प्रवासाची, आणि तिथं आपलं बोलणं कुणाला कळेल काय याची.

मी वाचलं त्यावरून मला समजलं ते असं. राणावरचा खटला एनआयएचा, 2009 मध्ये नोंदलेला, दिल्लीच्या विशेष कोर्टातला. आरोप कटाचा आहे: लष्कर-ए-तैयबासाठी काम करणाऱ्या डेव्हिड हेडलीला हल्ल्याआधी मुंबईत पाहणी करता यावी म्हणून आपल्या इमिग्रेशन कंपनीचं नाव वापरू दिलं वगैरे. शिकागोच्या ज्यूरीनं 2011 मध्ये मुंबई हल्ल्याच्या आरोपातून त्याला सोडलं होतं. लष्कर-ए-तैयबाला मदत आणि डेन्मार्कमधल्या कटासाठी 14 वर्षांची शिक्षा झाली. एकदा सुटला म्हणजे भारतात खटला चालणार नाही, हा त्याचा मुद्दा अमेरिकी कोर्टांनी मानला नाही, कारण 1997 च्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारात त्या मुद्द्यासाठी दोन्हीकडचा गुन्हा एकच असावा लागतो आणि इथल्या गुन्ह्यांचे घटक वेगळे आहेत. इथवर मला पटलं.

अडलंय ते पुढं. मामांची 2009 ची साक्ष कसाबच्या खटल्यातली. तीच दिल्लीच्या फायलीत ठेवता येत नाही काय? एका माणसानं एवढं सगळं पुन्हा का सोसायचं? आणि सोसायचंच असेल तर बेळगावच्या कोर्टात बसून, मराठीत, साक्ष देता येते काय?

जाणकारांनी कृपया सांगा. मामांना खोटा धीर द्यायचा नाही.

---

जुना_शिरस्तेदार:

ताई, मामांना माझा नमस्कार सांगा.

जुनी साक्ष तशीच वापरता येत नाही. पुरावा कायद्याचं कलम 33 (नव्या साक्ष अधिनियमात 27) बघा. साक्षीदार हयात नसेल, सापडत नसेल, साक्ष द्यायच्या स्थितीत नसेल, अशा मोजक्या कारणांसाठीच आधीच्या खटल्यातली साक्ष चालते. आणि तेव्हासुद्धा ज्याच्याविरुद्ध वापरायची त्याला उलटतपासणीची संधी मिळालेली असावी लागते. कसाबच्या खटल्यात राणा पक्षकार नव्हता, त्याच्या वकिलानं मामांना एकही प्रश्न विचारलेला नाही.

ही नुसती तांत्रिक अडचण समजू नका. मार्च 2012 मध्ये तिकडच्या 26/11 खटल्यासाठी पाकिस्तानचा न्यायिक आयोग मुंबईत आला होता. कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, तपास अधिकारी आणि दोन डॉक्टर यांच्या जबान्या घेऊन गेला. उलटतपासणी करायची नाही असं आधीच ठरलं होतं. परिणाम असा की तिकडच्या कोर्टानं त्या जबान्या पुरावा म्हणून धरल्याच नाहीत. मग सप्टेंबर 2013 मध्ये आयोग परत आला आणि उलटतपासणी झाली. दीड वर्ष वाया गेलं. इथं आरोपी आपल्या ताब्यात असताना तशी फट राहू नये, एवढंच मला वाटतं.

आपल्या कोर्टानं परदेशात पाठवलेल्या विनंतीपत्रावर तिकडून येणाऱ्या जबान्यांचंही तसंच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 166-ए प्रमाणे (आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे बीएनएसएसचं, कलम 112) त्या तपासात गोळा केलेला पुरावा ठरतात. खटल्यात तो माणूस साक्षीदार म्हणून उभा राहावा लागतो. हेडलीचं तेच केलं: अमेरिकेशी झालेल्या तडजोडीमुळे त्याला इकडे आणता येत नव्हतं, म्हणून मुंबईच्या कोर्टानं त्याला माफीचा साक्षीदार केलं, फेब्रुवारी 2016 मध्ये व्हिडिओवरून साक्ष घेतली आणि मार्चमध्ये त्याची उलटतपासणीही झाली.

---

हिंडलगा_नाका:

वरच्यात भर घालतो. मामांना बोलावतीलच असं नाही. राणाविरुद्ध सिद्ध करायचं आहे ते संगनमत. सीएसटीवर गोळीबार झाला यावर बचाव पक्ष वाद घालणार नसेल तर वैद्यकीय कागद, पंचनामे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 294 खाली (बीएनएसएस 330) कबूल करून घेता येतात, मग प्रत्येक जखमीला उभं करायची गरज उरत नाही. यादीत नाव आहे का, हे सरकारी पक्षाकडूनच कळेल.

समन्स आलंच तर घाबरू नका. 2003 च्या प्रफुल्ल देसाई निकालात सुप्रीम कोर्टानं व्हिडिओवरची साक्ष ग्राह्य धरली आहे. वय आणि पायाचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून, बेळगावच्या जिल्हा कोर्टातून साक्ष घ्यावी असा अर्ज सरकारी वकिलांमार्फत करता येतो. परवानगी देणं दिल्लीच्या न्यायाधीशांच्या हातात, पण मागणी अगदी रास्त आहे.

भाषेचं आपल्या भागात सगळ्यांनाच टोचतं. तरी कायदा मामांच्या बाजूनं आहे: साक्षीदार आपल्या भाषेत बोलू शकतो, कोर्टाच्या भाषेत भाषांतर करून घेणं हे कोर्टाचं काम. मामांनी हिंदीत बोलायचा खटाटोप अजिबात करू नये. उलटतपासणीत एक शब्द इकडचा तिकडे झाला की त्याच्यावरच बोट ठेवतात.

---

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. काल गावी जाऊन मामांना सगळं वाचून दाखवलं. उलटतपासणीचं ऐकून म्हणाले, "त्याच्या वकिलानं विचारायलाच पाहिजे की. मी बघितलंय तेच सांगणार." दिल्लीऐवजी बेळगाव होऊ शकतं म्हटल्यावर मामीनं पहिल्यांदा चहाचं विचारलं, तोवर ती दारातच उभी होती.

आता 2009 च्या साक्षीची नक्कल काढून ठेवावी म्हणते. 17 वर्षं होत आली, मामांना ती एकदा वाचून दाखवायला हवी. मुंबईच्या सत्र न्यायालयात नकलेचा अर्ज साक्षीदाराला स्वतः करता येतो का, की वकीलपत्र लागतं? कुणी अलीकडे काढली असेल तर सांगा, पुढच्या आठवड्यात मी मुंबईला जाणार आहे.