मदत हवी आहे: फोटो फ्रेमवर लावलेला कागद फुगायलाय, रिबिनीवर डाग पडलेत

गोदाकाठ_नांदेड
घरीच फ्रेम सजवायलेय. कागद लावला की थोड्या वेळात फुगे येतात, कोपरे उचलतात. काढून परत लावला तरी तेच. वरून सॅटिनची रिबीन लावली तर तिच्यावर तेलकट डाग. रविवारी वास्तुशांतीला द्यायचीय, लवकर सांगा.

चौकट_लातूर
फ्रेम कशाची? लाकडी, एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची) की फायबर (प्लास्टिकची)? कागद कुठला, गोंद कुठला, साइझ काय? काच काढून लावलाय की तशीच ठेवून?

परभणीकर
मैद्याची खळ करा. एक वाटी पाण्याला दोन चमचे मैदा, गुठळ्या मोडून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत शिजवायचा, गार झाल्यावर लावायचा. चिमूटभर मोरचूद टाकलं की कसर लागत नाही.

घडी_आणि_कात्री
मोरचूद विषारी असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात घालायला सांगू नका. आणि खळीत पाणी किती! फुगे वाढतील.

परभणीकर
वहीबांधणीवाले वर्षानुवर्षं खळच वापरतात.

घडी_आणि_कात्री
पुठ्ठ्यावर वापरतात, पुठ्ठा पाणी पितो. इथं फ्रेम कशाची तेच अजून कळलं नाही.

गोदाकाठ_नांदेड
साधी सोनेरी फ्रेम, बाजारातली. 8 बाय 10. गिफ्टचा चमकीचा कागद, फेव्हिकॉल. काच आतच आहे.

चौकट_लातूर
मग फायबरच असणार. खात्रीसाठी मागच्या कोऱ्या बाजूवर पाण्याचा थेंब ठेवा. न मुरता तसाच राहिला तर फायबर. फेव्हिकॉल वाळतो तो त्यातलं पाणी निघून गेल्यावर. खाली फायबर, वर चमकीवरचा प्लास्टिकचा थर, पाण्याला वाटच नाही. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पंख्याखाली कडा आधी धरतात, मधलं ओलं अडकतं, तिथंच फुगा येतो.

कागद काढा, ओल्या फडक्यानं गोंद पुसा. काच काढा. 150 नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकी जाईपर्यंतच घासा, भुकटी पुसा. मग गोंद नको, डबल टेप. पट्टीचा दर्शनी भाग 1 इंच, बाहेरची बाजू पाऊण इंच, मागे वळवायला अर्धा, आतल्या कडेला पाव, म्हणजे कागदाची पट्टी अडीच इंच रुंद कापा. काच बसते त्या खाचेत कागदाचा जाड पदर जाऊ देऊ नका, काच परत बसणार नाही. आधी लांब बाजू चिकटवा, मग आडव्या बाजूंची टोकं 45 अंशांत कापून वर बसवा.

सुतारकाम
टेप उन्हाळ्यात सुटते. रबर सोल्युशन लावा, दोन्हीकडे लावून दहा मिनिटांनी दाबा. जन्मभर निघत नाही.

चौकट_लातूर
लाकडावर चालेल. फायबर म्हणजे बहुतेक पॉलिस्टायरीन, सोल्युशनमधल्या द्रावकानं ते विरघळतं, खड्डे पडतात. ग्लू गनही जपून: गोंद साधारण 190 अंशांना बाहेर पडतो, पॉलिस्टायरीन 100 च्या आसपासच मऊ होतं. टेप सुटते ती बहुतेक धुळीवर लावल्यानं.

हातकागद
गिफ्टचा कागद सोडाच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद वापरा, पोत सुंदर दिसतो. रिबिनीऐवजी हिमरू कापडाची उरलेली पट्टी लावा.

घडी_आणि_कात्री
कागद उत्तम, पण जाड असेल तर घडीवर तडकतो. त्याचा फक्त दर्शनी तुकडा लावा, कडा वळवू नका. हिमरूचे धागे कापल्या कडेनं सुटतात, आधी दुमड घालावी लागेल. रविवारपर्यंत कशाला?

ताई, रिबिनीचे डाग गोंद आरपार आल्यानं. अर्ध्या इंची रिबिनीखाली पाव इंची डबल टेप, बरोबर मधोमध. ताणून लावू नका, ताणलेली रिबीन कोपऱ्यावर उचलते. बाहेरून 10 बाय 12 धरली तर घेर 44 इंच. चार कोपऱ्यांच्या घड्यांना 4, जोडाला 2, एकूण 50. दीड मीटर घ्या. जोड कोपऱ्यात नको, खालच्या बाजूला मध्यावर ठेवून वर बो बसवा. टोकं तिरपी कापून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरा, पॉलिस्टर वितळून धागे बसतात. सुती असेल तर धरू नका, जळेल.

परभणीकर
भिंतीवर लावताना कड्या वरून एक तृतीयांशावर मारा, फ्रेम पुढे झुकत नाही.

गोदाकाठ_नांदेड
थेंब तसाच राहिला. टेप आणते. डाग पडलेली रिबीन धुवून निघेल का?

घडी_आणि_कात्री
कोमट पाण्यात भिजवून गोंद मऊ होतो, पण सॅटिनची चमक तिथं मरते. तिचा बो करा, डाग गाठीत जाईल असा. कडेला नवीनच लावा.