वस्ती सुधारली, पण पुढे ती सांभाळतं कोण? तुमचे अनुभव लिहा

गल्ली झाडली, भिंती रंगवल्या, नारळ फुटला, इथवरच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. मला त्यापुढचं ऐकायचंय. किल्ली कोणाकडे असते, वर्गणीला दारोदार कोण फिरतं, शेजाऱ्याने नाही म्हटलं तर त्याच्याशी कोण बोलतं? तुमच्या चाळीत, वस्तीत, पेठेत जे घडलं ते लिहा. फसलेलंही लिहा.

सुरुवात मी करते. आमच्या मुंबईतल्या वस्तीत आधी शौचालय होतं, पण दारं नाहीत, दिवा नाही, पाणी नाही. बायका अंधार पडायची वाट बघायच्या. नंतर पालिकेच्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमातून नवीन बांधलं. त्याची अट अशी की आधी वस्तीने मंडळ नोंदवायचं, घरटी पैसे भरायचे आणि बांधून झाल्यावर देखभाल स्वतः करायची. घराचा महिन्याचा पास, आणि राखणदाराचं कुटुंब वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहायला. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लहान मुलांची वेगळी जागा. बुटक्या, अरुंद बैठका आणि धरायला दांडी. त्याआधी पोरं गटाराच्या कडेला बसायची, कारण मोठ्यांच्या रांगेत त्यांना कोणी उभं करत नसे. हिशेबाची वही माझ्या आईकडे होती. पास थकला की ती सकाळी पाण्याच्या वेळेला त्या घरी जायची, त्या वेळी घरात माणूस सापडतोच.

भिवंडीहून

ताई, आमच्याकडे सांभाळायची होती ती शांतता. 1970 ची दंगल वडिलांकडून ऐकली, 1984 ची स्वतः पाहिली. लूम बंद, हातात पैसा नाही, शेजारी शेजाऱ्याकडे बघत नाही. 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. प्रत्येक मोहल्ल्यात हिंदू-मुसलमान दोन्हीकडची साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस, सगळे एकत्र बसायचे.

लोकांना वाटतं, तिथे एकोप्याची भाषणं व्हायची. आमच्या बैठकीत गटार निघायचं. नळावरची भांडणं, घरमालकाची कटकट, रात्री उशिरापर्यंत चालणारे लूम. अशा बारीकसारीक गोष्टींसाठी एकमेकांच्या घरी जाणं झालं, चहा झाला. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती, इतकी जवळ असून भिवंडीत दंगल झाली नाही. त्या दिवसांत अफवा यायच्याच. आमच्या मोहल्ल्यात नियम ठरला होता: अफवा आली की दोन्हीकडचा एकेक माणूस मिळून बघायला जाणार, आणि दोघं परत येऊन सगळ्यांसमोर एकच गोष्ट सांगणार. आधी एकत्र गटार उपसलेलं नसतं, तर त्या दोघांवर कोणी विश्वास ठेवला असता असं मला वाटत नाही.

गोवंडीहून

आमची झोपडी 2000 नंतरची, आणि अशा झोपड्यांना पालिका तेव्हा नळ देत नव्हती. पाणी विकत घ्यायचं, तेही ड्रमच्या हिशेबाने, आणि बिल्डिंगवाल्यांपेक्षा किती तरी महाग. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर 15 डिसेंबर 2014 रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला, की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पिण्याचं पाणी नाकारता येत नाही. निकाल लागला म्हणून नळ आपोआप आला नाही. गट करून अर्ज द्यायचे, प्रत्येकाचे कागद जमवायचे, फेऱ्या मारायच्या. आमच्या गल्लीत हे काम शिकलेल्या पोरींनी उचललं. एकीने सगळ्यांच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये घरानुसार लावल्या, त्यामुळे "कागद अपुरा" म्हणून परत पाठवलं की त्याच दिवशी उत्तर देता यायचं. फाइल अजून तिच्याचकडे आहे.

पुण्याहून

थोडक्यात आणि कामाचं: महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात, 2006 पासून. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. आम्ही टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत पायऱ्यांना कठडा आणि दिवे मागितले आणि ते झाले. पण अर्जावर "सुधारणा करावी" असं मोघम लिहू नका. कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत, ते लिहा.

घाटकोपरहून

फसलेलं मी लिहितो. 1997 च्या सुमारास पालिकेची एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) योजना आली, गल्लीने आपला कचरा आपण वेगळा करायचा, ओल्याचं खत करायचं. तिची सुरुवात आमच्याच घाटकोपरच्या जोशी लेनमधून झाली, त्यामुळे आसपास उत्साह मोठा होता. आमच्याही गल्लीत खड्डे झाले, खत झालं, कुंड्या बहरल्या. सगळं एका निवृत्त काकांच्या जिवावर चाललं होतं. ते मुलाकडे राहायला गेले आणि वर्षाच्या आत खड्ड्यांवर गाड्या लागल्या. शिवाय बैठकीला घरमालकच बोलावले जायचे. भाडेकरूंना कधी विचारलंच नाही, आणि कचरा तर सगळ्यांचा होता. याचं मला आजही वाईट वाटतं.

कोल्हापूरहून

आमची पेठ पंचगंगेच्या बाजूची. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट, ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तालमीच्या पोरांनी माणसं काढली, जेवण केलं, हे सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. खरं काम पूर ओसरल्यावर झालं. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोण गरोदर आहे, कोणाकडे म्हैस आहे, याची यादी तालमीत लावली. 2021 च्या पुरात तीच कामाला आली. दर मे महिन्यात दोघं जण घरोघर जाऊन ती नव्याने लिहितात, आणि ते दोघं दर वर्षी बदलतात.

घाटकोपरहून

दादा, यादीत भाडेकरू आहेत का?

कोल्हापूरहून

आहेत. पहिल्या यादीत नव्हते. मागच्या खोलीत राहणाऱ्या एका कामगाराच्या बायकोने तालमीत येऊन विचारलं, तेव्हापासून घरमालकाचं नाव खाली आणि राहणाऱ्याचं वर लिहितो.