पोर्तुगालचा टोल: भाड्याच्या गाडीला ईझीटोल नको
लिस्बनला भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी गोव्यातून निघण्याआधीच ३० दिवसांच्या ईझीटोलचं बघून ठेवावं, असं काहीजण सुचवतात. त्याचा उपयोग नाही. टोल आपोआप कापला जावा म्हणून ईझीटोल बँक कार्डाला गाडीचा नंबर जोडतो, पण फक्त परदेशी नंबरप्लेटच्या गाड्यांसाठी. स्पेनहून गाडी आणणाऱ्यांना तो उत्तम. लिस्बनच्या गाडीसाठी भाडेकंपनीकडूनच टोल आपोआप कापणारं व्हिया व्हेर्देचं यंत्र मागा, आणि त्याचं रोजचं शुल्क आधी विचारा.

यंत्र नसेल तर हिरव्या ‘व्ही’च्या लेनमध्ये शिरू नका; ती यंत्रवाल्या गाड्यांसाठीच असते. काही महामार्गांवर तर नाकाच नाही, नुसत्या कमानी आणि कॅमेरे. तिथला टोल नंतर टपाल कार्यालयात भरता येतो, पण नोंद दिसायला साधारण ४८ तास लागतात; परतीचं विमान त्याआधी असलं तर पंचाईत. दक्षिणेकडच्या आल्गार्व्ह भागातला ए-२२ महामार्ग मात्र १ जानेवारी २०२५ पासून टोलमुक्त आहे.