मदत हवी आहे: एअर पिस्तुलाचा ट्रिगर अडकतो, निळ्या फिनिशवर गंज

१० मीटरचं ४.५ मिमी एअर पिस्तूल, सेकंडहँड घेतलेलं. ट्रिगर दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा लोण्यासारखा, पण दुसऱ्यात शॉट सुटण्याआधी बारीकशी 'कच्' लागते, वाळूचा कण दाताखाली यावा तशी. नेमका तिथेच माझा नेम हलतो आणि छर्रा सातच्या रिंगमध्ये जातो. ड्राय फायरवरही (छर्रा न भरता ट्रिगर ओढला तरी) तेच, म्हणजे दोष माझ्या बोटाचा नसावा (थोडा असेलही!).

नळी उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवलं, शॉट न सुटता ते उचलतं. म्हणजे ट्रिगरचं वजन (तो ओढायला लागणारा जोर) नियमात आहे. दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून पाहिला, फरक शून्य. सिअर (ट्रिगर ओढल्यावर शॉट सोडणारा आतला खटका) उघडलेला नाही, घासणारही नाही.

दुसरं म्हणजे, रत्नागिरीचा पावसाळा. अंगठा टेकतो तिथे फिनिशवर तांबूस ठिपके आलेत. तेल लावतो, पेटीत सिलिका जेल ठेवतो, तरी वाढताहेत. जवळपास जाणकार दुरुस्तीवाला नाही आणि महिन्याभरात स्पर्धा आहे.

तर ही कच् सिअरला न उघडता, नुसत्या सफाईने जाऊ शकते का? आणि निळाई न उतरवता ठिपके कशाने काढू?