मदत हवी आहे: सुक्या कचऱ्याच्या ॲपमध्ये ईर्ष्या मोजायची कशी?

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो. मी आणि मित्रानं दिवाळीच्या सुट्टीत एक अँड्रॉइड ॲप केलं. सुका कचरा वेगळा ठेवायचा, फोटो टाकायचा, पॉइंट मिळवायचे आणि त्यावर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सूट घ्यायची. गल्लीतल्या ४१ घरांत जाऊन आम्हीच इन्स्टॉल करून दिलं. सगळ्यांनी चहा पाजला, कौतुक केलं. महिन्यानं ॲप उघडणारे चारच उरले, त्यातले दोन आम्हीच.

पहिली चूक आजीनं दाखवली. ती दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकत नाही, लोंबता ठेवते. नाहीतर तो चिमटीएवढा तुकडा केरात जातो आणि कुणाच्याच हाती लागत नाही. मग पिशवी उलटी करून धुते आणि ओट्यामागच्या फरशीवर चापून बसवते. वाळली की आपसूक गळून पडते. गठ्ठा झाला की भंगारवाला. तिला म्हटलं, याचा फोटो काढून टाक की. तर म्हणाली, "पैसं देणारा दारात येतोय आणि तू मला पॉइंट देतोस व्हय?"

मला उत्तर सुचलं नाही. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागं पन्नास पैसे परत द्यायची तरतूद होती. आमच्या गल्लीत त्यासाठी पिशवी परत नेणारा एकही माणूस मी पाहिला नाही. पन्नास पैशानं जे झालं नाही ते माझ्या पॉइंटांनी कसं होणार? जे कचरा वेगळा करतात ते ॲपच्या आधीपासून करतात. बाकीचे सगळं एकाच पिशवीत कोंबून टिपरमध्ये (कचरागाडीत) टाकतात, त्यांना दुकानातल्या पाच रुपयांच्या सुटीचं काय पडलंय?

आता नवी कल्पना. कोल्हापूरचा माणूस स्वतःसाठी पॉइंट गोळा करायचा नाही, पण शेजारची तालीम (म्हणजे पेठेतलं मंडळ) पुढं गेली म्हटल्यावर रात्री अकराला पोतं घेऊन बाहेर पडेल. शाहू स्टेडियमवर तालमींची फुटबॉल मॅच बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून पॉइंट माणसाला न देता पेठेला, तालमीला द्यायचे. दर रविवारी तालमीत वजनकाटा लावायचा, ॲपवर आठवड्याचा तक्ता.

अडचण मोजणीची आहे. वजन धरलं तर लोक रद्दी भिजवून आणतील (मीच आणली असती). फोटो धरला तर एकच बाटली दहा जण दाखवतात, ते आधीच अनुभवलंय. कुणी असं काही केलंय का? कोडिंगचं आम्ही बघतो, डोकं लावायला मदत हवी.

तांबडा_पांढरा: भावा, वजनाचा नाद सोड. पाण्याची रिकामी लिटरची बाटली वीस-पंचवीस ग्रॅम. दुधाच्या पिशव्या किलोभर व्हायला काही शे लागतात. आणि बिअरची एक मोठी बाटली अर्ध्या किलोच्या आसपास. थर्टी फर्स्टनंतरच्या रविवारी कुठली तालीम पहिली येईल ते मी आत्ताच लिहून देतो. किलो मोजू नको, घरं मोज. गल्लीतल्या दर शंभर घरांमागं किती घरांनी या आठवड्यात सुका वेगळा दिला, तेवढंच. मग छोटी गल्लीपण मोठ्या पेठेला हरवू शकते, आणि पोरं स्वतः आणण्यापेक्षा दुसऱ्याच्या मागं लागतील. तुला तेच पाहिजे ना? दारावर क्यूआर चिकटव आणि गोळा करणाऱ्यानं स्कॅन करायचा. फोटो नको.

बावड्याची_सून: शहराचा कचरा शेवटी आमच्या बावड्यात झूमवर (कचरा डेपोवर) येतो, म्हणून लिहिते. तुमच्या ॲपमध्ये वेफर्सचं पाकीट आणि पाण्याची बाटली दोन्हीला सारखेच पॉइंट होते का? पाकिटात प्लास्टिकला चकचकीत थर चिकटलेला असतो, तो सुटत नाही, म्हणून भंगारवाला हात लावत नाही. बाटली तो झटकन घेतो. ॲप उघडल्यावर आधी "हे कोण घेणार" ते दिसू दे: भंगारवाला, टिपर की कुणीच नाही. आणि स्कॅन करणार कोण, ते ठरवलंय का? टिपरवरच्या माणसाला दारात थांबायला सवड नसते. कचरावेचक बायकांना काम द्या, पण फुकट नको. पुण्यात त्यांचीच "स्वच्छ" ही सहकारी संस्था २००८ पासून दारोदार जाते आणि घरं त्याचे महिन्याला पैसे देतात. शिवाय बऱ्याचजणींकडं साधा फोन असतो, क्यूआर चालायचा नाही. दाराला दोरीचा लाल-हिरवा बिल्ला लावला तरी चालेल, त्या नुसता आकडा सांगतील.

मूळ लेखक: वहिनी, सारखेच पॉइंट होते. पाकिटांचे फोटो सगळ्यात जास्त, कारण पोरं खातात आणि पोरंच फोटो काढतात. ॲपचा पहिला स्क्रीन आज रात्री बदलतो. बिल्ल्याचं आजीला सांगितलं, ती म्हणाली जुन्या साडीच्या काठाचे शिवून देते.

दादा, घरं मोजायचं पटलं. पण एक अडकतंय. आमच्या गल्लीत सहा घरं बंद आहेत, मालक पुण्या-मुंबईला. ती एकूण घरांत धरायची का? धरली तर आम्ही कधीच शंभर टक्क्यांवर पोचत नाही. काढली तर पुढच्या रविवारी प्रत्येक तालीम म्हणेल, आमच्याकडं निम्मी घरं बंद आहेत. बंद घर ठरवायचं कुणी?