मदत हवी आहे: ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवा आणि सासूबाईंचं फर्मान

रविवारी लेकाने 'द डेव्हिल वी नो' लावला. टेफ्लॉनवरचा, म्हणजे नॉनस्टिक भांड्यांवरच्या लेपावरचा माहितीपट आहे, २०१८चा. सासूबाई शेजारी मटार सोलत बघत होत्या. कारखान्यात कामाला असलेल्या बाईचा, चेहऱ्यात व्यंग घेऊन जन्मलेला मुलगा दिसला तशा उठल्या आणि माझा घावनांचा तवा बाल्कनीत ठेवून आल्या. "हा परत गॅसवर दिसता कामा नये!"

न बघितलेल्यांसाठी: अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँट या रसायन कंपनीचा कारखाना. टेफ्लॉन बनवताना लागणारं सी-८ हे रसायन, म्हणजेच पीएफओए, आसपासच्या पिण्याच्या पाण्यात उतरलं. एका शेतकऱ्याच्या गाई मरायला लागल्या, तो रॉब बिलट या वकिलाकडे गेला. पुढे सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरसकट सहा आजारांशी याचा संबंध असण्याची दाट शक्यता निघाली. २०१७ मध्ये ६७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीला आतून बरंच आधी माहीत होतं, हे बघून डोकंच फिरतं.

आता माझा तवा. २०११चा, लग्नातला आहेर. मदतनीस मावशींनी तारेच्या घासणीने घासून आणि मी स्टीलच्या उलथण्याने मधोमध रुपयाएवढा भाग पांढरा पडलाय. इतकी वर्षं ते काळं पोटात गेलं, त्याचं काय? दुकानदार नवीन 'पीएफओए-फ्री' घ्या म्हणतो. घेऊ? बिडाचा आणलाय, पण त्यावर घावन असं चिकटतं की पिठलंच होतं.

प्रतिसाद: ताई, पोटात गेलेल्या कपच्यांचं फार मनावर घेऊ नका, ते शरीरात न विरघळता बाहेर पडतं. पीएफओए लेप बनवताना वापरायचे, तयार तव्यात ते जेमतेम उरतं. सिनेमातला घोळ मुख्यतः कारखान्याच्या पाण्याचा आहे. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरणं मात्र वाईट. साधारण २६० अंशांच्या पुढे लेप बिघडायला लागतो, आणखी तापला तर त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात. 'पीएफओए-फ्री' म्हणजे ते एक रसायन नाही, इतकंच. त्याच्या जागी आणलेलं जेनएक्स नॉर्थ कॅरोलायनात केप फिअर नदीत सापडलंच. तुमचा तवा तसाही संपलाय, टाका.
बिडाचा तवा दोन दिवस पेजेत भिजवा, मग तेल लावून मंद आचेवर तापवा, असं चार-पाच वेळा. घावनाआधी अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा. पहिली दोन घावनं कावळ्याची.

धागाकर्ती: बापरे, शेजारच्या काकांकडे लव्हबर्ड्स आहेत, आमची स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्याच बाल्कनीकडे उघडते! तवा आजच भंगारात. पेज उकड्या तांदळाचीच लागते की साध्या तांदळाची चालेल?