तुमच्या ओळखीतली मॉर्मन पोरं आणि त्यांची श्रद्धा (अनुभव धागा)

हिमगौरी:
काल आईला आणायला सॉल्ट लेकच्या एअरपोर्टवर गेले होते. बॅगा यायच्या होत्या, शेजारी एक अख्खं मॉर्मन (हा एक ख्रिस्ती पंथ) खानदान फुगे आणि हाताने रंगवलेले बोर्ड घेऊन उभं. दोन वर्षांच्या मिशनवरून, म्हणजे धर्मप्रचार आणि सेवेसाठी घर सोडून जातात त्यावरून, मुलगा घरी येत होता. एस्कलेटरवर त्याचे नुसते बूट दिसले आणि त्याची आई धावतच सुटली. माझी आई एवढी दमलेली, तरी विचारते, "मिलिटरीतला आहे का गं?" तिला सांगता सांगता मला माझी लोगन गावातली रूममेट आठवली आणि मलाच भरून आलं.

२०१२ साल, मी लोगनच्या यूटा स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करत होते. ही वीस वर्षांची, आदल्याच वर्षी वडील गेलेले. उठायचीच नाही, क्लास बुडवायची. काउन्सेलरकडे जायची, पण तिला अंथरुणातून बाहेर काढलं ते तिच्या वॉर्डने. वॉर्ड म्हणजे त्यांची त्या त्या भागातली मंडळी, कॉलेजच्या अविवाहित मुलामुलींचा वेगळा असतो. तिथे तिला तीन मुली नेमून दिलेल्या, दर महिन्याला जाऊन भेटायचं, हवं नको बघायचं. एरवी दिवसदिवस त्याच टीशर्टात, पण त्या तिघींपैकी कोणाकडे जायचं असलं की आरशासमोर बसून केस विंचरायची आणि बनाना ब्रेड करायची, घरभर वास. एकदा म्हणाली, माझ्यावाचून तिचं अडेल ना. मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

मग ऑक्टोबरमध्ये त्यांची कॉन्फरन्स लॅपटॉपवर लावून बसलेलो आम्ही, ती पायजम्यात, मी कांदा चिरतेय, आणि त्यांच्या चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी जाहीर केलं की मुली आता २१ ऐवजी १९ व्या वर्षी मिशनला जाऊ शकतील, मुलं १८ व्या. ही जी किंचाळली! आईला फोन, रडणं, हसणं. वर्षभर जिला उद्या काय करायचं ते कळत नव्हतं तिला पुढचं दीड वर्ष दिसायला लागलं. फिलिपिन्सला गेली. बाकीचं नंतर लिहिते, आईला जेटलॅग आहे, रात्री तीनला उपमा मागितला 🙂

तिखटमीठ:
अगदी डोळ्यासमोर आलं सगळं. आमच्याकडे डॅलसला दोन मुलं आली होती, काळी नेमटॅग, पांढरा शर्ट. मी सवयीने चहा टाकला, तर चालत नाही म्हणाले, कॉफीपण नाही. मग कोकम सरबत दिलं. एकाने तीन ग्लास प्यायलं! त्याला म्हटलं बाळा घरची आठवण येते का, तर म्हणे येते, पण इथे कोणाच्या तरी उपयोगी पडलो की कमी येते. १९ वर्षांचा जीव. धर्माबिर्माचं बोलणं आमचं फार पुढे गेलं नाही पण जाताना गॅरेजमधली जड खोकी उचलून दिली त्यांनी.

सातारी_माणूस:
गवती चहा चालतो का त्यांना?

तिखटमीठ:
@सातारी हो, हर्बल चालतो. हे नंतर कळलं, नाहीतर आलं गवती चहा घालून काढाच दिला असता.

अबोली:
छोटीशी दुरुस्ती, २०१८ पासून ते स्वतःला मॉर्मन न म्हणता लॅटर-डे सेंट्स म्हणा असं सांगतात, माझी मैत्रीण हळूच सांगायची. तिच्याकडे दर सोमवारी संध्याकाळी फॅमिली होम ईव्हनिंग, टीव्ही बंद, सगळे एकत्र. आम्ही श्रावणी सोमवार धरायचो तेव्हा तिला फार आपलंसं वाटलं.

चांदोबा:
सगळ्यांना जमतंच असं नाही हो. माझा टीममेट, यूटातल्या लीहायला एकत्र काम करायचो, मिशनवरून सहा महिन्यांत परत आला. एन्झायटी, झोप नाही, छातीत धडधड. नातेवाइकांत कुजबुज, अरे हा लवकर कसा आला, त्या मुलाचं काय झालं असेल विचार करा. त्याने मला हे पार्किंगमध्ये सांगितलं, गाडीचं इंजिन चालूच होतं. श्रद्धा मात्र सोडली नाही त्याने. घरी राहून सर्व्हिस मिशन केलं, त्यांचं बिशप्स स्टोअरहाऊस असतं ना, गरजू कुटुंबांना किराणा देतात, तिथे डबे लावायचा. म्हणाला, पहिल्या दिवशी एक बाई दोन पोरांना घेऊन आली, मी तिची ट्रॉली भरली आणि त्या रात्री झोपलो. माझ्या डोळ्यात पाणी आलं तेव्हा. त्याच्या बिशपनेही (वॉर्डचे प्रमुख) खूप धीर दिला, आणि हे बिशप बिनपगारी, दिवसा आपली नोकरी करणारे.

अबोली:
😔 गुणी पोरगा. आता बरा आहे ना?

चांदोबा:
हो हो, लग्न झालं, मुलगी आहे.

वडाचीसावली:
सॉल्ट लेकला त्यांची वंशावळी शोधायची फॅमिलीसर्च लायब्ररी आहे (२०२३ पर्यंत नाव फॅमिली हिस्ट्री लायब्ररी), फुकट, कोणीही जा. आम्ही सहज गेलो. मदतीला एक विशीतली मुलगी. ती पणजीची पणजी शोधत होती आणि अशी बोलत होती की जणू कालच भेटलीय. त्यांच्यात टेंपलमध्ये (खास विधींची पवित्र वास्तू) कुटुंब कायमचं जोडलं जातं अशी श्रद्धा, म्हणून एवढी धडपड. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा या लोकांनी मायक्रोफिल्म केल्यात! आमचे आजोबा त्र्यंबकला गेले की उपाध्यायांच्या वहीत नाव घालून यायचे, ते आठवलं. कोणाकडे अशी वही बघायची सोय झालीय का अलीकडे? माझ्या मुलाला दाखवायचीय.

सातारी_माणूस:
@वडाचीसावली गाव आणि आडनाव सांगा त्र्यंबकला, काढून देतात. आम्हाला पाच पिढ्या मिळाल्या.

मोगरा_प्रोव्हो:
स्पॅनिश फोर्कच्या राधाकृष्ण मंदिरातली होळी बघा एकदा, बीवाययूची (त्यांच्या चर्चची युनिव्हर्सिटी) हजारो पोरं येतात. दारू नाही काही नाही, नुसता रंग आणि नाच.

हिमगौरी:
आई झोपली. तर पुढचं. तेव्हा मिशनवरून आठवड्याला एक ईमेल आणि घरी फोन वर्षातून दोनदाच, ख्रिसमस आणि मदर्स डे (२०१९ पासून दर आठवड्याला करता येतो). मला लिहायची, इथे बादलीत कपडे धुते, हात सोलवटलेत, आज एका आजींना शेतात भात लावायला मदत केली. वडिलांबद्दल एकदाच लिहिलं. लोगनचं टेंपल टेकडीवर आहे, १८८४ चं, रात्री दिवे लागले की आमच्या किचनच्या खिडकीतून दिसायचं. तिच्या आईवडिलांचं लग्न तिथलं. जायच्या आदल्या रात्री त्या खिडकीपाशी म्हणाली होती, बाबा संपले नाहीत, फक्त पुढे गेलेत. फिलिपिन्सहून लिहिलं, इथे एकीचे वडील गेले, मी तिला आपल्या खिडकीचं सांगितलं. मी त्यांच्यातली नाही, होणारही नाही, पण माझे बाबा गेले तेव्हा पहिला फोन तिला केला.

तिखटमीठ:
🙏 आता कुठे असते ती?

हिमगौरी:
बॉयसीला, नर्स आहे. रविवारी येतेय आईला भेटायला. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे त्यांचा उपास, दोन जेवणं आणि पाणीसुद्धा नाही, वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. संध्याकाळी सोडेल. आई आत्तापासून विचारतेय, पुरणपोळी की साधं वरणभात?